अर्धी ओळ मागच्यायची

साकोलीची गाडी फलाटाला लागली होती. भोजराजनं माइकचं बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडातून काही निघायच्या आधीच समोरच्या कॅसेटच्या टपरीतून त्याचाच आवाज आला. पहिल्यांदा त्याला वाटलं, भोंग्यात काही बिघाड झाला असेल. पण हा आवाज आजचा नव्हता. हा तेरा-चौदा वर्षांपूर्वीचा, ओल्या बांबूसारखा लवचिक, वर चढताना जराही न अडखळणारा आवाज होता, आणि त्याच्यामागे टेकचंदची गिटार आणि नत्थूची ढोलकी. 'नदीच्या पल्याड दिवा कोनाचा' असं म्हणून तो आवाज मधेच थांबला. पुढं नुसती गिटार. ओळीची उरलेली अर्धी जागा रिकामीच सरकत गेली आणि मग पुन्हा आवाज आला, तीच अर्धी ओळ घेऊन, जसं काही मधे घडलंच नाही. भोजराजचा अंगठा बटणावर तसाच होता. त्याचा श्वास, घशात कुठंतरी घासून येणारा, साऱ्या भंडारा बसस्थानकावर भोंग्यांतून पसरत होता. बाकावरच्या बाया वर पाहू लागल्या. तेव्हा त्यानं साकोलीचं नाव घेतलं. निघालं ते नाव नव्हतं, पत्र्यावरून ओढलेल्या खराट्याची खरखर होती.

"अनाउन्सवाला बदलला वाट्टे," खिडकीबाहेरचा एक म्हातारा म्हणाला.

"बदलला नाई, गंजला," दुसरा म्हणाला, आणि दोघं गाडीकडं पळाले.

शेजारच्या टेबलावरचे मधुकरराव हसले. बारा महिने मफलर घालणारा, गाड्यांच्या वेळा पाठ असलेला माणूस. "भोजराजभाऊ, गुळण्या करा मिठाच्या. तंबाखूचा खर्रा सोडा म्हणून मी नाई म्हनत, तुमी मलेच सोडाल." भोजराजही हसला. हसणं सोपं होतं, त्याला आवाज लागत नव्हता. पण हसताना गिळल्यासारखं झालं आणि ते तिथं लागलं. दिवाळीनंतर गावाकडं धानाची मळणी झाली तेव्हा त्याला वाटलं होतं, एखादं कुसळ अडकलं असेल घशात. धुळीत तोंड उघडं ठेवून काम केलं की जातंच. भाताचा मोठा घास गिळला, केळं खाल्लं. कुसळ हललं नाही. मग त्याला कुसळाची सवय झाली, आणि सवय झाली याचीच एके दिवशी भीती वाटली, तेव्हा तो डॉक्टरकडं गेला. डॉक्टरांनी दिव्यावर लहानसा आरसा गरम केला, जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, 'ई म्हणा' म्हणाले. जीभ दुसऱ्याच्या हातात असताना माणूस काय ई म्हणणार. तरी तो म्हणाला. डॉक्टर बराच वेळ आत पाहत राहिले. एवढा वेळ कोणी त्याच्या आत पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, आवाजाची एका बाजूची पट्टी हलत नाही, काहीतरी वाढलं आहे, नागपूरला जा, तुकडा काढून तपासतील, उशीर करू नका. त्यानं विचारलं, "आन् आवाज?" डॉक्टर हात धूत होते. पाठमोरेच म्हणाले, "आधी जीव, मग आवाज." ते चार शब्द तो घेऊन आला आणि कोणाला दिले नाहीत. घरीही नाही. रोज सकाळी स्थानकावर येताना वाटायचं, आज निर्मलाला सांगू. रोज दुपारी घरी जाताना वाटायचं, सांगितलं की खरं होईल.

आणि तो माणूस. गेल्या पावसाळ्यात लाखनीकडचा एक माणूस चौकशीच्या खिडकीशी आला होता. गळ्याशी जाळीचं पांढरं फडकं बांधलेलं. त्याचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता, वारा येत होता, तोही तोंडातून नाही, खालून, फडक्यामागून. फडकं श्वासाबरोबर आत जाई, बाहेर येई. भोजराजनं त्याच्या ओठांवरून गाव ओळखलं आणि माइकवर मोठ्यानं, खणखणीत, त्याच्यासाठीच म्हटल्यासारखं, लाखनीची गाडी पुकारली होती. त्या माणसानं हात जोडले होते. त्यावेळी बरं वाटलं होतं. आता ते हात आठवले की त्याला तहान लागायची, आणि पाणी प्यायचं म्हटलं तर गिळावं लागायचं.

टपरीतलं गाणं संपलं आणि दुसरं लागलं. तेही त्याचंच. त्यालाही तशाच जागा. कोणी वाजवतंय हे? रेकॉर्डी तर कधीच्या झिजल्या असतील. तो उठून पाहायला गेला नाही. त्याला त्या जागांची भीती वाटत होती. आजवर त्या जागांची लाज वाटायची, लाजेवर हसता येत होतं. आज पहिल्यांदा त्या कशाच्या आहेत ते कळल्यासारखं झालं. गिटार चालू आहे, ढोलकी चालू आहे, सगळं वेळेवर चालू आहे आणि आवाज तेवढा नाही. असंच राहील. साकोलीची गाडी लागेल, तुमसरची सुटेल, मधुकरराव मफलर सारखा करतील, आणि तो जिथं असतो तिथं एवढीच एक जागा सरकत जाईल.

त्या जागा कशा राहिल्या ते तिघांनाच माहीत होतं. त्याचे वडील टिकारामबुवा कीर्तन करायचे. शेत थोडं, देव मोठा. आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावात नारदाच्या गादीवर उभे, आणि मागं भोजराज झांज घेऊन. बुवा अर्धी ओळ म्हणायचे आणि थांबायचे. उरलेली अर्धी मागच्यांनी उचलायची. त्याला झील म्हणायचे. एकदा भोजराजनं सरळ सारी ओळ स्वतःच म्हणून टाकली होती, नुकता गळा फुटला होता, त्याची मस्ती. घरी येताना बैलगाडीत बुवा म्हणाले होते, "सारी ओळ आपनच म्हनाची होती, त देवानं मांगं मानसं कायले उभी केली गा? अर्धी आपली. अर्धी मागच्यायची. त्यायची खाऊ नोको." हे त्याला शिकवलं गेलं नाही, ते त्याच्या घशात बसलं. चालताना जसा एक पाय टेकला की दुसरा आपोआप उठतो, तसा त्याचा आवाज ओळीच्या मध्यावर आपोआप खाली बसायचा आणि मागच्यांची वाट पाहायचा.

मग चिखल्याची मॅंगनीजची खाण. तो तेव्हा खाणीच्या वसाहतीत मामाकडं राहून लहानमोठं काम करत होता. टेकचंदचा बाप खाणीत उतरायचा. बदली होऊन गेलेल्या एका बाबूनं आपली गिटार टेकचंदजवळ ठेवली ती परत मागितलीच नाही. टेकचंदनं ती रेडिओ ऐकून ऐकून वश केली. नत्थूची ढोलकी दंडारीतली, गावच्या लोकनाट्यातली. तिघं पाळी सुटल्यावर मॅंगनीजच्या ढिगामागं बसून वाजवत, आणि उठले की पँटी मागून काळ्या. पार्टीचं नाव त्यांनी 'काळा दगड' ठेवलं. लोक म्हणाले, हे काय नाव झालं? बुवा मात्र म्हणाले, "चांगलं आहे. पंढरीतही तोच उभा आहे." सिनेमाची गाणी ते वाजवत नसत. आपली आपणच जुळवत. नदीची, तळ्याची, पाळीवरून न आलेल्या माणसाची. कोणत्या कंपनीनं त्यांना विचारलं नाही, त्यांनीही कंपनीला विचारलं नाही. आपल्याच हौसेनं नागपूरला गेले, एका रेडिओच्या दुकानामागच्या खोलीत, भिंतींना गोणपाट लावलेलं. तिथं माइक एकच. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, गाणारा एकटाच गाईल, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. भोजराज म्हणाला, ठीक. सारी ओळ मीच म्हणतो. टेकचंदनं वहाणा काढल्या, नत्थूनं ढोलकीला हात लावून कपाळाला लावला, लाल दिवा लागला, आणि ओळीच्या मध्यावर भोजराजचा आवाज बसला. त्याचं त्याला कळलंही नाही. त्याच्या कानात झील वाजत होती. इतकी वर्षं मागून येत होती, ती त्या दिवशीही त्याला ऐकू आली. नत्थूचं तोंड उघडलं होतं, आणि आज्ञा आठवून त्यानं ते मिटलं. साऱ्या सहा गाण्यांत तसंच. रेकॉर्डिंगवाल्याला वाटलं, यांची स्टाईल असेल. तीन लहान तबकड्या निघाल्या, एकामागून एक, वर्षादीडवर्षाच्या अंतरानं, आणि तिन्हींवर त्या भगदाडांसकट तो गात होता. टेकचंद पहिल्या वेळी रडला होता. नत्थू म्हणाला होता, "दात पडलेल्या बुढीसारखं दिसून राहिलं गा गानं."

बुवांनी ऐकलं ते गावच्या मास्तरांच्या ग्रामोफोनवर. अंगणात खाटेवर बसून, मान खाली घालून. भोजराज दारात उभा, आता काय बोलतात म्हणून. पहिली रिकामी जागा आली. बुवा हलले. दुसरी आली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि अगदी हळू, जन्मभर पुढं उभ्या राहिलेल्या त्या माणसानं मागच्यासारखी झील धरली. शब्द काय होते ते भोजराजला दारातून ऐकू आलं नाही. तबकडी संपल्यावरही ते तसेच बसले होते. नंतरच्या वर्षी ते गेले, आणि ते शब्द विचारायचे राहिले.

बुवा पूर्वरंगात चार वाणी सांगत. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. गळ्यातून निघते ती वैखरी, ती सगळ्यांत खालची. तिच्याआधीच नाम आत तीन ठिकाणी उच्चारलेलं असतं. हे त्यानं एवढ्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणता आलं असतं. पण गेल्या काही दिवसांत पांडुरंगाचं नाव घ्यायला गेलं की ते त्या कुसळापाशी अडायचं आणि तो दचकून थांबायचा. आतल्या तीन वाणी सापडत नव्हत्या. सापडत होती ती ही एकच, खरखरणारी, आणि ती कापून टाकायला जायचं होतं. मग कशानं हाक मारू? त्या फडकेवाल्यासारखं, वाऱ्यानं?

"का गा, ओळखला का आवाज?"

खिडकीत टेकचंद उभा होता. केस कानांवर पिकलेले, खिशात स्क्रूड्रायव्हर. तुमसरला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं गजांतून एक कॅसेट आत सरकवली. कव्हरवर स्वतःच्या हातानं काढलेला काळा गोल आणि खाली लिहिलेलं, 'काळा दगड : सुरुवातीची गाणी'.

"तिन्ही रेकॉर्डी जमवल्या. एक त माह्याजवळ होती, एक नत्थूच्या घरी पान्याच्या घड्यावर झाकन म्हनून, खरं सांगतो. तिसरी मोहाडीच्या मंडपवाल्याकडं सापडली. टपरीवाल्याले एक देली वाजवाले. लोक थांबून राहिले, पायलं का?"

भोजराजनं मान हलवली.

"आता आयक. माह्याजवळ दोन कॅसेटची मशीन आहे. एक वाजते, वरून दुसरा आवाज चढवता येते. तू दुकानात ये. त्या जागा भरून टाकू. इतल्या वर्षाचं ते राहिलं माह्या मनात. एक दिवस दे फक्त. मंग मी कॉप्या काढतो, मंडईत इकतो." मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. "बोल ना गा. मुका झाला का?"

भोजराजनं कॅसेट जवळ ओढली. तो म्हणाला, "सर्दी आहे."

टेकचंद गजांना धरून त्याच्याकडं पाहत राहिला. गिटारवाल्याचा कान. तार किंचित उतरली तरी त्याला कळायची. "हे सर्दीचं नाई," तो हळू म्हणाला. "कव्हापासून आहे?"

"मळणीपासून."

"वहिनीले मालूम आहे?"

तेवढ्यात तुमसरची गाडी आली. मधुकररावांनी माइक आपल्याकडं ओढला आणि स्वतःच पुकारलं. ते त्यांनी सहज केलं. पण भोजराजनं ते पाहिलं. आपली खुर्ची आहे, आपण खुर्चीत आहोत, आणि आवाज दुसऱ्याचा. टेकचंदला तीच गाडी धरायची होती. जाता जाता तो म्हणाला, "जागा काई पळून जात नाई. आधी ते पाय. अन् वहिनीले सांग, नाईतर मी सांगन. माहं तोंड तुले मालूम आहे."

पाळी संपल्यावर तो घरी आला. निर्मलाबाई ओसरीत तांदूळ निवडत होती, सूप मांडीवर. मुलगी शाळेत. त्यानं कॅसेट तिच्यासमोर ठेवली, कारण खिशात ठेवली असती तर तिनं विचारलंच असतं. तिनं सूप बाजूला केलं, कव्हर उलटसुलट पाहिलं, आणि घरात जाऊन टेप बाहेर आणला. तो 'राहू दे' म्हणणार होता. म्हणायला गेला आणि शब्द कुसळापाशी राहिला. ती बटण दाबून पुन्हा सूप घेऊन बसली. आवाज सुरू झाला. आपल्याच ओसरीत आपलं तरुणपण उभं राहिलेलं त्याला बघवेना. तो खांबाला टेकून डोळे मिटून बसला आणि ती जागा यायची वाट पाहू लागला, जशी डॉक्टरांच्या त्या गरम आरशाची पाहिली होती. 'नदीच्या पल्याड दिवा कोनाचा.' आता.

"माह्या मायनं लावला, माह्याच नावाचा," निर्मलाबाई म्हणाली. म्हणाली नाही, गायली. हात सुपात, नजर तांदळावर.

त्यानं डोळे उघडले. पुढची अर्धी ओळ आली, ती थांबली, आणि निर्मलाबाई पुन्हा गायली, न चुकता, ताल मोडू न देता, जणू ते गाणं असंच आहे आणि कधी वेगळं नव्हतंच. एक खडा बाहेर टाकला. तिसऱ्यांदा गायली. गाणं संपलं तेव्हा तिला त्याची नजर जाणवली.

"काय पायता? आमच्या गावात सारेच म्हनत होते. लग्न असो, धानाचा रोवना असो. भोंगा लावला का हेच गानं." तिचं माहेर पवनीकडचं, वैनगंगेच्या काठचं, आता धरण होणार, गाव जाणार म्हणून तिथं रोज नवी बातमी. "रोवन्यात आमी बाया चिखलात उभ्या, अन् बांधावर तुमचा भोंगा. जिची तिची जागा वेगळी. सत्यभामाबाई म्हने, 'माह्या भावानं लावला'. कुंताबाईचा नवरा पळून गेलता, ते म्हने, 'इझला वो बाई, इझला'. मी मायचं म्हनो. माय नोती ना मले."

"मले कदी सांगतलं नाई."

"तुमी कदी इचारलं? अन् आमाले काय मालूम का ते चुकून राहिलं. आमाले वाटे का गानारा माणूस भला आहे, आपल्यासाठी जागा ठेवून राहिला." ती हसली. "मंग स्थळ आलं तुमचं, त मी लगेच हो म्हनलं. बाबाले वाटलं नोकरी पाहून."

भोजराजचं हसू चेहऱ्यावर आलं आणि तिथंच थरथरायला लागलं. इतकी वर्षं त्या जागा भरलेल्या होत्या. गुडघाभर चिखलात उभ्या राहून माणसं त्या भरत होती आणि तो त्यांना भगदाडं म्हणत होता. पण हे कळूनही भीती गेली नाही. उलट ती आता जवळ आली, समोर सुपाशी येऊन बसली, निर्मलाचंच तोंड घेऊन. माय नव्हती हिला. उद्या आणखी कोण नसेल. त्याला वाटलं, बोललो नाही आत्ता तर पुढं बोलायला काही राहणारच नाही.

"डॉक्टर म्हनते का," तो म्हणाला, आणि आवाज बसला. ओळीच्या मध्यावर बसतो तसा. त्यानं गिळलं. पुन्हा तोंड उघडलं. काही निघालं नाही. टेपवर दुसरं गाणं सुरू झालं होतं आणि त्याचा तरुण आवाज एकटाच ओसरीभर फिरत होता.

निर्मलाबाईनं टेप बंद केला. सुपातले तांदूळ तिनं हातानं सारखे केले, पुन्हा सारखे केले.

"का नागपूरले जा लागते," ती म्हणाली. "गळ्याचं आहे. अन् एकट्यानं नाई जाचं."

त्यानं मान वर केली.

"रात्री तुमच्या बाजूले मीच झोपतो ना? श्वास आयकू येते मले. केव्हाची वाट पाहून राहिली का आता सांगान, मंग सांगान. मीही भेत होती. तुमी बोलले असते त मले रडा लागलं असतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "परवा पोरीले शेजारच्या केशरबाईकडं ठेवू. पहिल्या गाडीनं निघू. बस."

त्या संध्याकाळी त्यानं टेकचंदला निरोप पाठवला, वरठीवरून तुमसरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर. जागा तशाच ठेव, कशानं भरू नको. एवढंच.

नागपूरच्या गाडीत निर्मलाबाई खिडकीशी बसली, मांडीवर भाकरीचं फडकं आणि बुवांच्या वेळची बुक्क्याची डबी. भोंग्यातून मधुकररावांचा आवाज आला. नागपूरची गाडी, फलाट क्रमांक एक. कितीदा पुकारली होती त्यानं ही गाडी, आणि आज पहिल्यांदा त्याला कळलं की पुकारलं जाणं कसं असतं. तो उठून उतरणार होता. खरंच उठणार होता. निर्मलाबाईनं त्याच्याकडं न बघता त्याच्या सदऱ्याची बाही बोटात धरली आणि गाडी हलली.

वैनगंगेच्या पुलावर उजाडलं होतं. दिवा दिसायची वेळ होऊन गेली होती. पाणी राखाडी, पल्याड काठावर धुकं, आणि धुक्यात काही नाही. पूल लांब होता. मधोमध आल्यावर त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ती अर्धी ओळ म्हटली. आवाज नव्हताच, नुसता श्वास होता ओठांतून जाणारा, शेजारच्यालाही कळला नसता. तो थांबला. इंजिनाचा घरघराट होता, पत्रा वाजत होता, आणि त्या साऱ्याखाली ती जागा सरकू लागली होती. तो भ्याला होता, तसाच, पहिल्या दिवसासारखा. खिडकीबाहेर पाहत, बुक्क्याच्या डबीवर बोटांनी ताल धरत, निर्मलाबाईनं उरलेली अर्धी उचलली.